पाऊण टनाचं काय?

एसी घ्यायला दुकानात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला. "किती टनाचा देऊ?" खोली दहा बाय बारा असेल तर एक टन. वरचा मजला, पश्चिमेची भिंत, दुपारभर ऊन, मग दीड टन. शेजाऱ्यांनी दीड घेतलाय म्हणूनसुद्धा दीड! त्यावर दुकानदार म्हणतो, "दोनचाच घ्या, जास्त असलेला बरा." आपणही मान डोलावतो. जास्त असलेलं कधी वाईट असतं का? लग्नात जिलेबी जास्त हवी, सबमिशनला पानं जास्त हवीत, तसा एसीपण जास्त टनाचा हवा.

मित्रांनो, मला एवढंच म्हणायचंय की हा प्रश्न चुकीच्या क्रमाने विचारला जातो. किती टनाचा हे विचारायला हवंच. पण त्याच्याही आधी विचारायला हवं, की जेव्हा पाऊण टनच लागेल तेव्हा हे मशीन काय करणार? दुकानदाराचं सोडा, त्याला माल खपवायचाय. पण हा प्रश्न इमारत बांधणारे सहसा विचारत नाहीत, बिल भरणारे विचारत नाहीत, आणि आमच्या पेपरात तो 'शॉर्ट नोट्स' मधे येतो, पाचपैकी कोणत्याही तीन लिहा. म्हणजे सरळ ऑप्शनला टाकता येतो. वर्गातली बहुतेक मंडळी टाकतातच.

(मी कॉन्व्हेंटवाली. मराठी विभागात लेख देतेय, तेही रेफ्रिजरेशनवर, हे ऐकून मैत्रिणींनी डोळे मोठे केले होते. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांच्या नावावर!)

आधी कॉम्प्युटर आणि आयटीवाल्यांसाठी दोन ओळी. एसीचा टन म्हणजे एसीचं वजन नव्हे. वजन आहे ते बर्फाचं. दोन हजार पौंड, म्हणजे साधारण ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना ज्या दराने उष्णता शोषून घेईल, तो दर म्हणजे एक टन. किलोवॅटमधे ३.५१७. बर्फाच्या लाद्या विकायच्या काळातलं हे माप आहे, अजून टिकून आहे. दीड टनाचा एसी आठ तास पूर्ण ताकदीने चालला तर साधारण साडेचारशे किलो बर्फ वितळायला लागेल एवढी उष्णता तो तुमच्या बेडरूममधून उचलून बाहेर टाकतो. साडेचारशे किलो! आता सांगा, डिसेंबरच्या रात्री तुमच्या बेडरूममधे एवढी उष्णता असते तरी कुठे?

इथेच सगळी गोम आहे. मशीन निवडलं जातं मे महिन्यातल्या सगळ्यात वाईट दुपारसाठी. ते बरोबरच आहे, नाहीतर त्या दुपारी सगळे शिव्या घालतील. पण ती दुपार वर्षातून किती तास येते? अमेरिकेत मोठ्या चिलर्सची वर्षभराची कामगिरी एका आकड्यात सांगण्यासाठी आयपीएलव्ही नावाचं सूत्र वापरतात. त्यात शंभर टक्के लोडला वजन दिलंय फक्त १ टक्का. पंचाहत्तर टक्के लोडला ४२, पन्नास टक्के लोडला ४५ आणि पंचवीस टक्के लोडला १२. हे सूत्र तिकडच्या हवामानावर बेतलेलं आहे, आपल्याकडे ते जसंच्या तसं लागणार नाही, आपला उन्हाळा लांब आणि चिवट. पण आकडे थोडे सरकले तरी चित्र बदलत नाही. ज्या मोजक्या तासांसाठी मशीन घेतलं त्यांच्यावर सगळी चर्चा, आणि उरलेल्या आयुष्यात ते कसं वागणार याची चौकशी शून्य. नवरदेव लग्नाच्या दिवशी कसा दिसतो एवढंच बघून मुलगी द्यावी तसं झालं हे.

मराठीत गारव्याला केवढे शब्द आहेत बघा. गारवा, गार, थंड, थंडगार, गारठा, आणि मग काकडायला होणं, कुडकुडणं. (आमच्या शाळेत या सगळ्याला एकच शब्द होता, 'कोल्ड'.) साध्या मशीनला मात्र दोनच शब्द येतात. चालू. बंद.

चालू-बंद पद्धतीला मी सरसकट नावं ठेवत नाही. घरच्या फ्रिजला ती छान चालते. कॉम्प्रेसर लहान, भिंती जाड, आतलं तापमान हळूहळू बदलणारं. पण हाच प्रकार मोठ्या मशीनला लावला की हाल सुरू होतात. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. बंद झालेला कॉम्प्रेसर लगेच सुरू करता येत नाही, दोन्ही बाजूंचं प्रेशर समान व्हायला वेळ द्यावा लागतो, म्हणून तीन-एक मिनिटांचा टायमर लावतात. सुरू झाल्यावरही पहिल्या काही क्षणांत इव्हॅपोरेटरमधे लिक्विड नीट पोचलेलं नसतं, म्हणजे वीज चालू आणि गारवा उधार. लोड कमी असेल तर मशीन चार मिनिटं चालतं, खोली झटक्यात गार होते, बंद पडतं, परत सुरू. याला शॉर्ट सायकलिंग म्हणतात. सिग्नल-सिग्नलला फर्स्ट गिअर टाकत लक्ष्मी रोडवरून जाणाऱ्या गाडीचं अ‍ॅव्हरेज काय पडतं ते पुणेकरांना वेगळं सांगायला नको.

स्वयंपाकघरात ही अक्कल कधीपासूनची आहे. कुकरला वाफ धरली की आई गॅस बारीक करते. ती गॅस बंद करून दर चार मिनिटांनी लायटर शोधत बसत नाही. तर मशीनचा गॅस बारीक कसा करायचा, एवढाच कपॅसिटी कंट्रोलचा विषय.

मार्ग बरेच आहेत. सगळ्यात सोपा आणि माझ्या मते सगळ्यात वाईट मार्ग म्हणजे हॉट गॅस बायपास. कॉम्प्रेसर पूर्ण ताकदीने चालतो, आणि त्यातून बाहेर पडलेल्या गरम गॅसचा काही भाग आपण मुद्दाम परत इव्हॅपोरेटरकडे सोडतो, म्हणजे गारवा कमी पडेल. गारवा कमी झाला खरा, पण वीज जवळजवळ तेवढीच! खंबाटकी घाटात अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय न काढता ब्रेक दाबायचा. काही ठिकाणी त्याला पर्याय नसतो हे मान्य. लोड एकदम खाली येतो आणि तापमान अर्ध्या अंशातही हलू द्यायचं नसतं अशा जागी तो लावतात. पण लोड कमी आला म्हणून पहिला उपाय हाच करणं म्हणजे आळस आहे.

मला सगळ्यात आवडतो तो रेसिप्रोकेटिंग कॉम्प्रेसरचा सिलिंडर अनलोडर. केवढी साधी युक्ती आहे! चार सिलिंडर आहेत, लोड अर्धा आहे. मग दोन सिलिंडरचे सक्शन व्हॉल्व्ह उघडेच धरून ठेवायचे. पिस्टन वरखाली होत राहतो, गॅस आत येतो आणि त्याच वाटेने परत जातो, दाबला जातच नाही. दाबलं नाही म्हणजे काम नाही, काम नाही म्हणजे वीज नाही (घर्षणाची थोडी जाते, ती जाऊ द्या). आणि यासाठी लागणारी ताकद कुठून येते? बऱ्याच मशीनमधे कॉम्प्रेसरच्याच ऑइल पंपाच्या प्रेशरवर ही यंत्रणा चालते. यातला दुसरा फायदा असा की मशीन सुरू होताना ऑइल प्रेशर नसतं, त्यामुळे ते आपोआप अनलोड अवस्थेतच सुरू होतं, मोटरवर ताण नाही. ना मायक्रोचिप, ना सॉफ्टवेअर. ज्याने हे पहिल्यांदा काढलं त्याच्या पाया पडावंसं वाटतं.

स्क्रू कॉम्प्रेसरमधे स्लाइड व्हॉल्व्ह सरकतो, सेंट्रिफ्यूगलमधे तोंडाशी पाती असतात ती फिरवून गॅस आवरतात, फार आवरला तर सर्जिंग होतं. ते पुस्तकात बघा, आकृतीशिवाय सांगण्यात मजा नाही.

आणि मग सगळ्यांचा लाडका इन्व्हर्टर. मोटरचा वेगच कमी-जास्त करायचा. जपानमधे तोशिबाने १९८०-८१ च्या सुमारास घरगुती एसीत तो आणला, डायकिनने १९८२ मधे एका बाहेरच्या युनिटवर अनेक खोल्या चालवणारी व्हीआरव्ही काढली. आपल्याकडे स्टार लेबलची पद्धत आधी पूर्ण लोडच्या कार्यक्षमतेवर चालायची. १ जानेवारी २०१८ पासून सर्व रूम एसींना आयएसईईआर हे मोसमी माप सक्तीचं झालं. त्यात २४ ते ४३ अंश अशा बाहेरच्या तापमानात वर्षाचे १६०० तास वाटून हिशोब केलेला आहे. म्हणजे सरकारी कागदावर तरी 'पाऊण टनाचं काय' हा प्रश्न विचारला गेला. याचं कौतुक करायला हवं, नाहीतर आपण फक्त शिव्या घालायलाच सरकारची आठवण काढतो.

पण इन्व्हर्टर म्हणजे जादू नव्हे. सेमिनारमधे एकाने सांगितलं, वेग निम्मा केला की वीज आठवा हिस्सा! हे पंख्याला आणि सेंट्रिफ्यूगल पंपाला लागू आहे, आणि तेही कागदावर. एसीतल्या रोटरी किंवा स्क्रोल कॉम्प्रेसरला नाही. तिथे वेग निम्मा केला की गॅस निम्मा आणि वीजही ढोबळमानाने निम्मीच. जास्तीचा फायदा होतो तो वेगळ्या कारणाने. कॉइल तेवढेच राहतात आणि काम निम्मं होतं, म्हणजे कॉइल कामाच्या मानाने ऐसपैस होतात. कंडेन्सर कमी तापतो, इव्हॅपोरेटर कमी गार होतो, कॉम्प्रेसरला चढवायची चढणच कमी होते. हा फरक समजला नाही की ओरलला एक्स्टर्नल बरोबर तिथेच पकडतात!

शिवाय वेग कमी केला की एक नवं दुखणं उपटतं, ऑइलचं. कॉम्प्रेसरमधलं थोडं ऑइल गॅसबरोबर पाइपात निघून जातं आणि गॅसच्या वेगानेच परत ओढून आणलं जातं. उभ्या पाइपात गॅस हळू चालला तर ऑइल वर चढतच नाही, खालीच साचतं, आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. म्हणून जुने लोक सक्शनला दोन उभे पाइप टाकायचे, एक बारीक आणि एक जाड. लोड कमी असताना जाड पाइपाच्या तळाशी ऑइल साचून तो बंद होतो आणि सगळा गॅस बारीक पाइपातून जोरात वर जातो. कमी काम करून घेणं हे जास्त काम करून घेण्यापेक्षा अवघड असतं, ते असं.

आता पावसाळ्याकडे येते, कारण माझा खरा राग तिथे आहे.

मुंबई-कोकणात मे महिन्यात बाहेर ३५ अंश आणि आत २४ ठेवायचे, फरक ११ अंशांचा. जुलैत बाहेर २८, फरक ४ चा. भिंती-काचांतून फरकामुळे येणारी उष्णता जवळजवळ एक तृतीयांशावर आली, ऊन तर नाहीच. पण हवेतलं पाणी? २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेच्या एक किलो हवेत साधारण एकवीस ग्रॅम वाफ असते. आत २४ अंश आणि पन्नास-पंचावन्न टक्के हवे असतील तर दहाच ग्रॅम ठेवायची. म्हणजे बाहेरून येणाऱ्या दर किलो ताज्या हवेमागे अकरा ग्रॅम पाणी काढायचं, जे मे महिन्यापेक्षा कमी नाहीच. उष्णतेचं काम घटलं, पाण्याचं तेवढंच राहिलं. आणि थर्मोस्टॅटला फक्त तापमान कळतं! तो बिचारा म्हणतो, २४ झाले, चला बंद. कॉम्प्रेसर थांबतो, पण पंखा चालूच राहतो, आणि ओल्या कॉइलवर जमलेलं पाणी वाळून परत खोलीत येतं. आत्ताच काढलेलं पाणी आपणच परत आत सोडलं. ज्याचं मशीन गरजेपेक्षा जास्त टनाचं, त्याचा कॉम्प्रेसर जास्त वेळ बंद, त्याची खोली जास्त दमट. 'जास्त असलेला बरा' चा हा परिणाम.

आपल्याकडच्या कितीतरी हॉलमधे जुलैत शिरलं की हाच अनुभव येतो. गार तर आहे, पण गार आणि चिकट. कुबट वास. भिंतीवरचे चार्ट फुगलेले, छताच्या टाइल्सवर काळे डाग. मग कोणीतरी म्हणतं, "एसी अजून कमी कर," रिमोटवर १८ येतात, पुढच्या रांगेतल्या मुली ओढण्या गुंडाळून बसतात आणि मागे कोणीतरी दार उघडं ठेवतं, की थोडी ऊब यावी. दारातून काय येतं? अजून पाणी. २०२० च्या जानेवारीपासून नव्या रूम एसीचं डिफॉल्ट तापमान २४ अंश ठेवायचा नियम झाला, चांगलाच आहे. पण हॉलमधे दोनच शब्द येणारं मशीन बसवल्यावर रिमोटवर कितीही आकडा लावा.

गंमत म्हणजे एसीचा जन्मच मुळी यासाठी झाला. १९०२ साली अमेरिकेत ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा आणि एकावर एक छापलेले रंग जुळायचे नाहीत. विलिस कॅरियर या पंचवीस वर्षांच्या इंजिनिअरने तिथे जी यंत्रणा आखली, ती आर्द्रता ताब्यात ठेवण्यासाठी. माणसांना गार वाटावं हा हेतूच नव्हता. आणि आज सव्वाशे वर्षांनी आपण गारवा विकत घेतो आणि ताबा विसरतो. तुमचा इन्व्हर्टरसुद्धा इथे हमखास वाचवत नाही बरं का. वेग कमी झाला, कॉइल कमी गार झाला, आणि पंखा मात्र जोरात, तर कॉइल दवबिंदूच्या वर जातो आणि पाणी निघतच नाही. कॉम्प्रेसरबरोबर पंखाही हळू करायला हवा. कंट्रोल म्हणजे फक्त कॉम्प्रेसर नव्हे, ते असं.

मशीन जास्त टनाचं येतं कसं, हेही बघण्यासारखं आहे. कोणी एक माणूस चूक करत नाही. समजा हिशोबाने वीस टन आले. कन्सल्टंट म्हणतो, दहा टक्के सेफ्टी धरू. बावीस झाले. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, उद्या तक्रार आली तर मला बोलवणार, पंधरा टक्के माझे. सव्वापंचवीस झाले. सव्वापंचवीसचं मशीन कॅटलॉगमधे नाही, त्याच्या वरचं तीसचं आहे, घ्या तीसचं. तिघांनीही शहाणपणा केला आणि मिळून दीडपट मशीन आणलं. आणि वीसचा आकडा तरी कुठून आला? चारशे माणसं खच्चून भरलेल्या सभागृहावरून. बसलेला माणूस साधारण ११५ वॅट उष्णता टाकतो, म्हणजे नुसत्या माणसांचे तेरा टन. त्याच सभागृहात एरवी तीस जणांची प्रॅक्टिस चालते. माणसांचा लोड एक टन! तीसचं मशीन आणि एक टन माणसं. गार जास्त झालं म्हणून कोणत्या कन्सल्टंटला आजवर कोणी जाब विचारलाय? उकडलं की मात्र फोन जातो. जोपर्यंत चूक फक्त एकाच बाजूची मोजली जाते तोपर्यंत मशीन फुगतच राहणार.

शहरातल्या हॉलमधे काय, फार तर ओढणी गुंडाळावी लागते. पण नाशिककडे द्राक्षांच्या शीतगृहात हीच गोष्ट पैशात मोजली जाते, म्हणून ते उदाहरण नीट बघू. बागेतून आलेला घड तीस अंशांचा असतो. तो थोड्याच तासांत दोन-चार अंशांवर आणायचा असतो, ते प्री-कूलिंग, आणि मग शून्य ते एक अंशाला, ९० ते ९५ टक्के आर्द्रतेत साठवायचा. ढोबळ गणित करा. पाच टन द्राक्षं, स्पेसिफिक हीट ३.७ धरली, २८ अंश खाली, सहा तासांत. साधारण चोवीस किलोवॅट, म्हणजे रेफ्रिजरेशनचे जवळजवळ सात टन, नुसत्या फळाचे. एकदा द्राक्षं गार झाली की त्यांच्या श्वसनाची उष्णता राहते ती टनामागे काही वॅट. किलोवॅट नाही, वॅट! मग उरतात भिंती, पंखे, दिवे आणि दार उघडणारी माणसं.

म्हणूनच प्री-कूलिंग आणि साठवण यांच्या खोल्या वेगळ्या ठेवतात. पण प्री-कूलिंगच्या खोलीतसुद्धा पहिल्या तासाचा लोड आणि सहाव्या तासाचा लोड यांत जमीन-अस्मानाचा फरक. कॉम्प्रेसरला कमी व्हायचं माहीत नसेल तर तो काय करतो? कॉइलमधून तेवढाच गॅस ओढत राहतो, प्रेशर खाली जातं, कॉइल अजून थंड होतो. खोली आणि कॉइल यांच्यात चार-पाच अंशांचा फरक हवा असताना तो आठ-दहा होतो. इतक्या थंड कॉइलवर खोलीतल्या हवेचं पाणी बर्फ होऊन बसतं, आणि हवा ते पाणी परत कुठून आणते? द्राक्षातून. आधी सुकतो देठ. हिरवा देठ तपकिरी पडला, मणीगळ झाली की परदेशातला खरेदीदार भाव पाडायला मोकळा, आतलं फळ कितीही गोड असो. आणि दुसऱ्या बाजूला द्राक्ष उणे दोन अंशांच्या आसपास गोठतं. म्हणजे चालायची वाट केवढी अरुंद! वर्षभर फवारणी, छाटणी, कर्जाचा हप्ता, आणि शेवटी सगळं एका अनलोडरवर किंवा सक्शन प्रेशरच्या रेग्युलेटरवर येऊन ठेपतं. हा विषय ऑप्शनला टाकायचा?

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो मला पटतो. "मॅडम, हे इन्व्हर्टर-बिन्व्हर्टर ठीक आहे, पण कार्ड उडालं की तालुक्याच्या गावात कोण दुरुस्त करणार?" बरोबर आहे. व्होल्टेज खालीवर होतं, कार्ड महाग, ते येईपर्यंत आठवडा, आणि द्राक्षं आठवडा थांबत नाहीत. म्हणून मी इन्व्हर्टरची जाहिरात करत नाहीये. हडपसरच्या किर्लोस्कर न्यूमॅटिकसारख्या कंपन्यांचे अमोनियाचे रेसिप्रोकेटिंग कॉम्प्रेसर आपल्याकडच्या शीतगृहांना चांगले परिचयाचे आहेत, आणि अनलोडरचं दुखणं स्पॅनर घेऊन शोधता येतं. त्याहून सोपं म्हणजे एका तीस टनाच्या जागी पंधराची दोन घ्या. किंवा दहाची तीन. एक बंद करा, निम्मं झालं. एक बिघडलं तर दुसरं आहे. सुरुवातीला पैसे थोडे जास्त जातील, जागा जास्त लागेल. पण साध्या माणसाचा कपॅसिटी कंट्रोल हाच. एका मोठ्या मशीनचा थाट त्यात नाही, एवढंच.

कोणी म्हणेल, कशाला एवढा त्रागा, थोडी वीज जास्त जाते इतकंच ना. केंद्र सरकारचा इंडिया कूलिंग अ‍ॅक्शन प्लॅन मार्च २०१९ मधे आला. त्यात म्हटलंय की २०१७-१८ च्या मानाने २०३७-३८ पर्यंत देशाची गारव्याची मागणी सुमारे आठपट होईल. आठपट! ही मशीन्स अजून बसायची आहेत. त्यांची ड्रॉइंग्ज आपल्याच बॅचेस काढणार आहेत, कोटेशन्स आपल्याच बॅचेस तपासणार आहेत. प्रत्येकाने आपापले दहा-पंधरा टक्के वर टाकले तर काय होईल याचं गणित वर केलंच आहे.

बरं, आपण कॉलेजात काय करतो? रेफ्रिजरेशन टेस्ट रिगवर एकच प्रॅक्टिकल. मामा सकाळीच मशीन लावून ठेवतात. आपण जातो, हीटरचा लोड ठरलेला, सगळं स्थिर झालेलं. दोन प्रेशर गेज, चार तापमानं, एनर्जी मीटरच्या दहा फेऱ्यांना लागलेला वेळ, की चार्टवर चार ठिपके, सीओपी काढला, जर्नल सबमिट. ज्यांची बॅच मागाहून येते त्यांना रीडिंग्ज घ्यायचीही गरज नसते, ती वारसाहक्काने मिळतात! वर्षानुवर्षं त्या मशीनला आपण एकाच लोडला भेटतो. म्हणजे चार वर्षं मेकॅनिकल शिकून एकही मुलगा किंवा मुलगी असं मशीन बघत नाही, ज्याला काम कमी आहे.

तर विभागाला एक सूचना आहे. नवीन रिग नको, ग्रँट नको. आहे त्याच रिगवर शेवटी हीटर अर्ध्यावर आणायचा. वीस-पंचवीस मिनिटं थांबायचं. सक्शनचा काटा खाली घसरताना बघायचा, कॉइलवर बर्फ धरतोय का ते बघायचं. रिगवर कॅपिलरी आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह दोन्ही आहेत, ते आलटून पालटून लावायचे. कॅपिलरी मुकाट बसते, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आवळत-सैल होत मधला मार्ग शोधतो, तो कधीकधी शोधतच राहतो, त्यालाच हंटिंग म्हणतात. मग परत तीच रीडिंग्ज घ्यायची आणि दोन सीओपी शेजारी-शेजारी लिहायचे. मामांना विचारलं, ते म्हणाले, "मला काय, साहेबांनी सांगितलं तर लावतो, पण तुम्ही जेवायला पळता ना साडेबाराला." प्रॅक्टिकल साडेदहाला सुरू होतं. साडेदहा ते साडेबारा, दोन्ही रीडिंग्ज आरामात बसतात. फक्त सुरुवात वेळेवर व्हायला हवी.